दोन रेघा, एक टिंब

ज्ञानू मूळचा हुपरीचा. घरात तीन पिढ्या चांदीच्या पैंजणांचं काम. हुपरीत पैंजण काही एका घरात तयार होत नाही. डाग द्यायला, म्हणजे सांधे जोडायला, एका घरी, घुंगरं बसवायला दुसऱ्या, पॉलिशला तिसऱ्या. म्हणून माल घराबाहेर गेला की त्यावर आपली खूण करायची, आणि परत आला की आधी खूण बघायची. ज्ञानूच्या बापाची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि खाली एक टिंब. पण त्याच बापानं आणखी एक शिकवलं होतं. घरच्या माणसाकडून आलेला माल तपासायचा नाही. तो त्याचा अपमान. ही शिकवण ज्ञानूनं जन्मभर पाळली, आणि तिथंच त्याचा घात झाला.

भट्टीच्या धुरानं छाती भरायला लागली तसा तो धंदा भावावर सोडून कोल्हापुरात आला. शाहूपुरीत दोन खोल्या घेतल्या आणि घरीच लग्नाच्या, समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांची अक्षरं जुळवून द्यायचं काम सुरू केलं. २००२ साली त्यानं कॉम्प्युटर घेतला तो गुंडूकडून. गुंडू हुपरीच्या त्याच्याच गल्लीतला, लहानपणी एका ताटात जेवलेला. शाहूपुरीत त्याचं सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचं दुकान होतं. मशीन जोडताना ज्ञानू कोरणी घेऊन शेजारीच बसला आणि एकेका भागावर दोन रेघा, एक टिंब ओढत गेला.

"आयला, पैंजन हाय व्हय हे?" गुंडू पोट धरून हसला.

"असू दे की लेका. हाताची सवय हाय."

दीड वर्ष मशीन गुणी बैलासारखं चाललं. ज्ञानूपेक्षा ते जास्त कळायचं त्याच्या पोरीला, मोनाला. मोना बारावी सायन्सला. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा पळतो ना, तोसुद्धा तिनं वहीत लिहून ठेवलेला : २६२१४४. बारावीनंतर कॉम्प्युटरचंच शिकायचं हे तिचं ठरलेलं, आणि ज्ञानूही भेटेल त्याला सांगायचा, "आमची मोना कॉम्प्युटरला जानार हाय, बरं का!"

मग एकदा पंखा घरघर करायला लागला. गुंडू म्हणाला, "दे हिकडं, साफ करून देतो." दोन दिवसांनी मशीन परत आलं. ज्ञानूनं झाकण उघडून बघितलं नाही. कशाला बघेल? गुंडूकडून आलेलं!

आठवड्याभरात दुखणं सुरू झालं. बटण दाबलं की आकडा पळायचा, विंडोजचं चित्र यायचं, पडदा निळा व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून. चार-पाचदा दाबावं तेव्हा कुठं एकदा सुरू व्हायचं.

मोना वही घेऊन आली. "आण्णा, आकडा निम्माच येतोय बघा. एक लाख एकतीस हजार बहात्तर. पयला ह्याच्या दुप्पट हुता. मेमरीतच कायतरी झालंय."

गुंडू चहा पीत बसलेला. तो हसला. "आकडं बघून मशीन दुरुस्त हुतंय व्हय पोरी? ज्ञानू, ही मैत्रिणींच्या सीड्या आणून गेम खेळती का न्हाय? व्हायरस शिरलाय. विंडोज नव्यानं टाकतो. पर हिला हात लावू देऊ नगंस."

"मी न्हाय बिघडवलं, आण्णा."

"गप! गुंडूपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

गुंडूनं तीनदा विंडोज टाकलं आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी मशीन पुन्हा आडवं झालं. तिसऱ्या वेळी ज्ञानूचं डोकं असं फिरलं की विचारू नका. मोनानं कॉलेजचा फॉर्म भरून सहीसाठी पुढं ठेवला होता, तो त्यानं टराटरा फाडला. "घरातलं एक मशीन सांभाळता येत न्हाय, आनि चालली कॉम्प्युटर शिकायला! गुमान डी.एड. कर." सोनूबाई, त्याची बायको, मध्ये पडायला गेली, तिलाही दोन शब्द ऐकावे लागले. मोना रडली नाही. कागदाचे तुकडे तिनंच गोळा केले आणि जूनमध्ये डी.एड.ला गेली. त्यानंतर तिनं मशीनकडं वळूनही बघितलं नाही.

ऑगस्टात एका तालीम मंडळाची गणपतीची पत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि मशीन अकरा वेळा निळं पडलं. गुंडूच्या घरी फोन केला, तर तो पाव्हण्यांना घेऊन पन्हाळ्याला गेलेला. शेवटी ज्ञानूनं स्वतःच स्क्रू काढले. मेमरीची हिरवी पट्टी काढायची, खोडरबरनं तिची टोकं घासायची, परत बसवायची, हे त्यानं गुंडूला करताना बघितलं होतं.

पट्टी हातात घेतली आणि अंगठा सवयीनं कोपऱ्यावर फिरला. कोपरा गुळगुळीत होता.

चष्मा पुसून त्यानं पट्टी उजेडात धरली. खूण नाही. पंख्यावर बघितली, तिथं होती. हार्ड डिस्कवर होती. बाकी सगळ्यांवर होती. फक्त ह्या पट्टीवर नव्हती.

पाचच्या सुमारास ती पट्टी घेऊन तो दुकानात गेला तेव्हा गुंडू नुकताच आलेला. त्याच्या टेबलावर स्वतःचं मशीन उघडंच पडलेलं. ज्ञानूनं आत हात घालून पट्टी उपसली. दोन रेघा, एक टिंब.

गुंडूनं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "आरं, माझी बिघडली, म्हनून चार दिसांसाठी घेतलती. मग ऱ्हाऊन गेलं. तुझं काम काय, पत्रिकाच की. आनि तू काय उघडून बघनारा न्हवंस."

"म्हनून माझीच घेतलीस?"

"तसं न्हवं रं..."

"आनि पोरीचं नाव का घेतलंस?"

"कुणाचं तरी घ्यायलाच लागतंय की ज्ञानू. पोरगी घरातली. तिला तू काय करनार हुतास?"

काय काय केलं होतं ते ज्ञानूला सगळं आठवलं. गुंडूची सडकी पट्टी त्यानं टेबलावर टाकली, आपली खिशात घातली आणि घरी आला.

पट्टी बसवून बटण दाबलं. आकडा पळाला, २६२१४४ वर थांबला आणि विंडोज एका दमात सुरू झालं. मोना दारात डी.एड.चे तक्ते रंगवत बसली होती.

"मोना, हिकडं ये बाळ. गुंडूनं पट्टी बदललेली गं. आपली खूणच न्हवती तिच्यावर. तुझा आकडा खरा हुता."

मोनानं ब्रश पाण्यात बुडवला. उठली मात्र नाही.

"खूण बघितलीसा तवा पटलं व्हय, आण्णा?" ती म्हणाली. "मी तर तोंडानं सांगितलतं."