बाहेरची कडी

कुलपांच्या कारखान्यात तिला सगळे 'उस्तादांची मुलगी' म्हणत. उस्ताद म्हणजे तिचे वडील. उभं आयुष्य त्यांनी कुलपं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. कोणाची किल्ली हरवली की तो त्यांच्या दुकानाकडे धाव घेई. उस्ताद येत, वाकडी तार आत घालून जरा कानोसा घेत आणि कुलूप इतक्या चटकन उघडत की घरमालकाला हायसं वाटण्याआधी धडकीच भरायची. मुलीलाही त्यांनी हीच कला शिकवली. कारखान्यात तयार कुलपं तपासायचं टेबल तिच्याकडे होतं, आणि तिनं पास केलेलं कुलूप सहसा परत येत नसे.

म्हातारपणी उस्तादांच्या डोक्यातून वार गेले, माणसांची नावं गेली, घराचा पत्ताही गेला. बोटं मात्र शाबूत राहिली आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. दुसऱ्या कोणाच्या घरी दाराला कुलूप घालून भागलं असतं. इथे मुलगी कामावर गेली रे गेली की उस्ताद चमच्याच्या दांड्यानं, चष्म्याच्या काडीनं, मिळेल त्यानं कुलूप उघडत आणि अनवाणी रस्त्याला लागत. एकदा ते भर चौकात गाड्यांच्या मधोमध उभे सापडले. मग तिनं दाराचं कुलूप काढलं, त्याची जागा लाकडानं बुजवली आणि बाहेरून साधी लोखंडी कडी बसवली. आतून भोक नाही, फट नाही, त्या बोटांना काही कामच नाही. कडीला ती नेमानं तेल घालायची. सरकताना आवाज झाला तर आपल्याला कोंडलंय हे बाबांना कळेल, म्हणून. कोंडण्यापेक्षाही त्या तेलाचीच तिला जास्त लाज वाटायची.

अशात बातमी आली की नोकरी करून घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांना करात सवलत द्यायचा सरकारचा विचार आहे. अजून नुसता प्रस्तावच होता, पण कारखान्यात चर्चेला असा ऊत आला की जणू सवलत खिशात पडलीच. युनियनच्या सेक्रेटरीला तर चेव चढला. कर खात्यातल्या एक बाई अशी काही घरं स्वतः बघणार होत्या, आणि त्यानं कोणाला न विचारता उस्तादांचं घर पुढे केलं.

"तुझ्यासारखी मुलगी शोधून सापडायची नाही," तो तिला म्हणाला. "तू कामावर असताना बाबांजवळ कोण असतं, तेवढं विचारतील. कोण असतं गं?"

"शेजारच्या मावशी बसतात," ती म्हणाली.

हे तोंडातून कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. शेजारच्या मावशी चिमूटभर साखर द्यायच्या नाहीत, त्या कसल्या बसतात! पण सवलत मिळाली तर दुपारपुरतं खरंच कोणाला तरी ठेवता येईल, मग खोटं आपोआप खरं होईल, अशी तिनं मनाची समजूत घातली. भेटीच्या दिवशी रजा टाकायची, आदल्या संध्याकाळी कडी काढून ठेवायची, स्क्रूच्या भोकांवर रंगाचा हात फिरवायचा, सगळा बेत ठरला होता.

बेत राहिला बाजूला. बाई ज्या घरी आधी जाणार होत्या तिथली माणसं आयत्या वेळी गावाला गेली, आणि सेक्रेटरी जेवणाच्या सुट्टीत बाईंना घेऊन थेट तिच्या टेबलाशी हजर झाला. "चल, आत्ताच उरकून टाकू," तो म्हणाला. काहीतरी मोठं काम फत्ते केल्यासारखा तो खुशीत होता.

वाटेत बाई तिच्या बरोबरीनं चालत होत्या. "माझी आई शेवटी अशीच झाली होती," त्या हळूच म्हणाल्या. "मी तिला पगारी माणसांच्या हवाली केलं. तुमचं मला फार कौतुक वाटतं." तिला वाटलं, या बाई खडूस असत्या तर किती बरं झालं असतं. "मावशी जरा बाहेर गेल्या असतील," ती उगाचच बोलून गेली.

जिना चढून वर आले तर समोर कडी. तेल पिऊन लखलखत होती.

आतून खरवडल्याचा आवाज येत होता. पावलं ऐकून तो थांबला.

"कोण आहे? दार बिघडलंय हो," उस्ताद म्हणाले. "मघापासून चाचपतोय, भोकच सापडत नाही."

"आजोबा, घाबरू नका," बाई म्हणाल्या.

"घाबरतोय कशाला? माझ्या मुलीला तेवढा निरोप द्या. कारखान्यात असते. कुलपातलं तिला सगळं कळतं. ती आली की लगेच उघडेल."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं कडी सरकवली. जराही आवाज झाला नाही.

उस्ताद हातात चमचा घेऊन उभे होते. नखांत लाकडाचा भुसा गेला होता. "आलीस? बघा, म्हटलं नव्हतं?" ते खूश होऊन म्हणाले. मग दाराबाहेर वाकून त्यांनी कडीवरून हात फिरवला. "ही कोणी बसवली?"

"शेजारच्या मावशींनी," सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाला. "म्हणजे, त्यांनीच लावली असेल, जाताना."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईही तेवढ्याचीच वाट बघत असाव्यात.

"मी बसवली, बाबा," ती म्हणाली. "मावशी कधी येतच नाहीत. मी रोज तुम्हाला कोंडून जाते."

उस्ताद स्क्रूंवरून अंगठा फिरवत होते. एकेक स्क्रू त्यांनी चाचपून पाहिला.

"तरीच," ते बाईंना म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "काम बघा किती पक्कं आहे. मीच शिकवलंय तिला."