बापूमामांचा डोळा आणि माझी रिकामी गाडी

पेशंटला घेऊन निघालेली गाडी पेशंटला वाटेतच सोडून पुढे गेली, असं तुम्ही कधी ऐकलंय? हसा, हसून घ्या. पण गाडी चालवणारा मी होतो, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही हसू आलं नव्हतं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अकोल्याला वकिली करत होतो, जठारपेठेत राहत होतो. नुकतीच एक जुनी विलायती मोटार घेतली होती. मोटार कसली, म्हातारी मेमसाहेबच! हळू चालवली की गाईसारखी गरीब. पण जरा वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला, की तिचा दम कोंडायचा. पाय पार तळाला टेकवा, उचल म्हणून नाही! ठसकत ठसकत वेग उतरत जायचा आणि शेवटी गप्प. मिस्त्र्यांनी प्लग बदलले, तारा बदलल्या, फरक शून्य. शेवटी म्हटलं, आपण वकील आहोत. पुरावा गोळा करायचा, उलटतपासणी घ्यायची, निकाल द्यायचा. इंजिन काय माणसापेक्षा जास्त खोटं बोलणार आहे?

एका तारखेसाठी दर्यापूरला गेलो होतो. तिथं माझे मामा, बापूमामा, राहायचे. चांगली काळी जमीन, उंच भरदार माणूस, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचावा. मुक्काम त्यांच्याकडेच होता. सकाळी उठून पाहतो तर मामा भिंतीला टेकून बसलेले. एक डोळा निखाऱ्यासारखा लाल. डोकं फुटायला आलेलं, उलट्या सुरू.

"शाम्या, दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसून राह्यलं रे," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गावातले डॉक्टर आले, डोळा पाहिला आणि मला बाहेर घेऊन गेले. "काचबिंदू आहे. आजच्या आज अमरावतीला न्या. तिथले डोळ्यांचे डॉक्टर दुपारच्या गाडीनं नागपूरला जाणार आहेत. त्याच्या आत गाठलं तर डोळा वाचेल."

मामीचा चेहरा उतरला. मामांचा मुलगा वसंता, शाळेत मास्तर होता, तो म्हणाला, "एस.टी. तासाभरानं आहे. तिनंच जाऊ."

"एस.टी. कशाला? दारात मोटार उभी आहे ना!" हे कोण म्हणालं? मीच.

"पोचन ना रे तुही गाडी?" मामीनं विचारलं.

"मामी, एस.टी. सुटायच्या आत आपण अमरावतीत असू."

निघालो. मागं मामा, डोळ्यावर ओलं फडकं धरून. शेजारी मामी. पुढं वसंता आणि त्याच्या मांडीवर वळकटी. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, मी पाय दाबला. थोडं अंतर गेलो आणि बाईसाहेबांनी ठसकायला सुरुवात केली. मग थांबल्याच.

उतरलो. बॉनेट उघडलं, कार्बोरेटर काढला, फुंकला, पुसला, लावला. पेट्रोल तरी आहे ना, म्हणून टाकीत काडी घालून पाहिली. टाकीचं मूळ झाकण कधीच हरवलं होतं. मी जुन्या टायरचं रबर कापून त्याचं बूच केलं होतं आणि ते ठोकून बसवलं होतं. ते ओढून काढलं की 'सुस्स' आवाज व्हायचा. किती घट्ट बसलंय पाहा, असं मला दर वेळी कौतुक वाटायचं! पेट्रोल भरपूर होतं. बूच पुन्हा ठोकलं, गाडी सुरू केली, आणि काय सांगू, हरणासारखी पळाली!

"कचरा होता," मी जाहीर केलं.

पण काही मैलांवर, खोलापूरच्या अलीकडं, पुन्हा तेच. आता कचरा नाही, मग काय? मी विचार केला. वेग वाढला की दम जातो, म्हणजे ताकद पुरत नाही. ताकद पुरत नाही, म्हणजे ओझं जास्त आहे. इतकं सरळ! वसंताला वळकटीसकट उतरवलं. "मागून एस.टी. येतेच आहे, तिनं ये." निघण्याआधी पुन्हा टाकीत काडी घातली. सुस्स! बूच ठोकलं. गाडी सुसाट!

निकाल लागला म्हणा ना. वजनाचाच दोष!

खोलापूर मागं पडलं आणि गाडी पुन्हा थांबली. मी मामीकडं पाहिलं. मामीला कळलं.

"मी नाई उतरत. याइले सोडून मी कुठी जाऊ?"

मामा कण्हत होते. फडक्याआडून म्हणाले, "उतर वं. पोचू दे मले."

मामी उतरली. बाभळीखाली पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. वाईट वाटलं, पण पुरावा माझ्या बाजूनं होता. काडी, सुस्स, बूच. गाडी पळाली. मागून मामांचा आवाज आला, "चाल रे बाप्पा, चाल." आणि पुढं जाऊन ती पुन्हा ठसकली.

आता ऐका. मामा भरदार माणूस, हे मी सांगितलंच. मी त्यांना हाताला धरून एका मैलाच्या दगडावर बसवलं. वर लिंबाची सावली होती. म्हटलं, "मामा, फक्त त्या वळणापर्यंत रिकामी चालवून पाहतो. पळाली तर दोष वजनाचा, हे पक्कं होईल."

"अन् पक्कं झाल्यावर काय करशीन?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पण मी काडी घालून, बूच ठोकून निघालोही होतो. आणि गाडी अशी पळाली, अशी पळाली की वळण कधी आलं आणि कधी गेलं, कळलंच नाही! मी इंजिनाचा सूर ऐकत होतो. आणखी थोडा वेग, आणखी थोडा. खूप पुढं गेल्यावर तिनं ठसका दिला आणि रस्त्याच्या मधोमध बसली.

रिकामी गाडी! आता वजन कमी करायचं तर मलाच उतरावं लागणार होतं.

मागं मामा दगडावर, एका डोळ्यानं, एकटे. मी मागं पळत सुटलो. तोच समोरून धूळ उडवत एस.टी. आली. मी हात केला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, पण थांबला नाही. एका खिडकीत डोळ्यावर फडकं धरलेले मामा, त्यांना धरून बसलेली मामी, आणि मागच्या खिडकीतून वसंता ओरडत होता, "शामदादा, तुमी या आरामात!"

मी गाडीपाशी परत आलो. संतापानं बूच उपटलं आणि बाजूच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात भिरकावून दिलं. तसंच इंजिन सुरू केलं. आणि मग ती जी निघाली, ती वलगाव मागं टाकून थेट अमरावतीपर्यंत एकदाही ठसकली नाही! शहरात शिरता शिरता माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीत हवा शिरायला मी जागाच ठेवली नव्हती. वेगात पेट्रोल भराभर ओढलं जायचं, आत पोकळी व्हायची आणि पेट्रोल येणं बंद. मी दर वेळी काडी घालायला बूच काढत होतो, तेवढ्यापुरती हवा आत जायची, आणि मी शिक्षा मात्र नातेवाईकांना देत होतो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मामांना आत नेलं होतं. मामी बाकावर बसली होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. मी उभाच राहिलो. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "वेळेत आणलंत. डोळा वाचेल." मामीनं तोंडाला पदर लावला. मग मला जवळ बसवून घेतलं.

मामांना घरी सोडायचं ठरलं, त्या दिवशी मी गाडी धुऊनपुसून दारात आणली. नवं झाकण, त्याला नीट भोक. मामा पट्टी बांधून पायरीवर उभे होते. आवाज पूर्ववत झाला होता.

"झाली दुरुस्त?"

"झाली मामा. अगदी पक्की."

"बेस झालं." त्यांनी उघड्या डोळ्यानं गाडी पुढून मागून पाहिली. "मंग असं कर, तू चाल पुढं. आमी एस.टी.नं येतो. रस्त्यात कुठी उभा दिसला, तं कंडक्टरले सांगून तुले बी बसवून घेऊ."