बोलतानाचा एक फोटो

लग्नांत मी अनोळखी माणसांचे बोलतानाचे फोटो काढतो. मांडवाच्या कोपऱ्यात सुनेच्या तक्रारी सांगणाऱ्या आत्या, विडा हातात तसाच ठेवून हुज्जत घालणारे व्याही. त्यांना पत्ताही लागत नाही. लोक मला यासाठीच बोलावतात. आणि माझ्या स्वतःच्या वडिलांचा तसा एकही फोटो माझ्याकडं नव्हता.

घरात आबा मोजकंच बोलतात. त्यांची जीभ सुटायची ती शिवाजी पेठेत, तालमीसमोरच्या कट्ट्यावर, आणि तीही एकाच माणसापुढं. मंगळवार पेठेतले त्यांचे जुने मित्र, मी त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी दोघं आपापल्या पेठेच्या फुटबॉल संघावरून असे भांडायचे की जाणारा-येणारा थांबून बघायचा. आबांचे दोन्ही हात हवेत, टोपी मांडीवर, काका गुडघ्यावर थापा मारत हसताहेत. असे आबा आम्हाला घरी कधी दिसलेच नाहीत.

काका मुलाकडं पुण्याला कायमचे जाणार हे कळलं, तेव्हा हातात आठवडा होता. म्हटलं, एकच फोटो. एका लग्नात शेकड्यानं काढतो, इथं एक निघणार नाही?

नाही निघाला. पहिल्या दिवशी पानपट्टीच्या आडोशाला उभा राहिलो, तर पानवालाच ओरडला, "ओ आबा, पोरगं फोटो काढाय लागलंय, टोपी घाला की!" आबांनी टोपी घातली, काकांनी वरचं बटण लावलं, आणि दोघं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. दुसऱ्या दिवशी मोबाईल छातीशी धरून कुणाशी तरी बोलण्याचं नाटक केलं. आबा म्हणाले, "कुणाला फसवतोयस? फोन कानाला लाव की." मग समोरच्या गच्चीवर चढून लांबची लेन्स लावली. काकांनी खालूनच हात केला. "खाली ये की! तिथनं काय दिसतंय?"

शेवटी मी चिडलो. म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. नुसतं बोला."

"काय बोलू?" आबांनी विचारलं.

उभा जन्म एकमेकांशी वाद घातलेली ही दोन माणसं माझ्या तोंडाकडं बघत गप्प बसली. मी कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो. पानवाल्याचा, कट्ट्याचा, माझ्या महागड्या कॅमेऱ्याचा, सगळ्यांचाच राग आला होता. दिवस मात्र संपत चालले होते.

निघायच्या दिवशी काका सकाळी कट्ट्यावर आले. मी आडोसा शोधला नाही, चार हातांवर सरळ समोर उभा राहिलो. कुणी ओरडलं नाही. आबांनी टोपीला हात लावला नाही. काका रस्त्याकडं बघत होते आणि आबा काकांच्या चपलांकडं. चहा आला, तो तसाच निवला. मी बटण दाबलं, खटकन आवाज झाला, तरी दोघांपैकी एकानंही वर बघितलं नाही. पण दोघं बोलतही नव्हते.

काका उठले. आबा म्हणाले, "जा, गाडी चुकंल." एवढंच. काका वळणापलीकडं दिसेनासे झाले, तेव्हा कुठं आबांनी माझ्याकडं बघितलं.

"आला न्हवं फोटो, तुला पायजे तसा?"

मी मान खाली घालून लेन्सला झाकण लावत राहिलो.