सुनंदाचं हिमोग्लोबिन

‘वहिनी, सुनंदा गेली...’ तिच्या नवऱ्याचा, विलासरावांचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते, वर साजूक तूप घालून. बदलापूरहून अंबरनाथ असं कितीसं लांब! पण त्या सकाळी हॉस्पिटलात कशी पोचले, ते मला आजही सांगता येत नाही. डेंग्यूने माणसं जातात हे पेपरात वाचलं होतं. आपल्या घरातलं माणूस जातं, हे कुठे ठाऊक होतं? महिना होऊन गेला, पण मला अजून तिचा रागच येतो. बाई, एवढी कसली घाई होती तुला?

सुनंदा माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ही कॉलेजात होती, काडीसारखी बारीक, पांढरीफटक. सासूबाई रोज बीट किसायच्या आणि ही ते हळूच माझ्या ताटात सरकवायची. ‘खा गं वहिनी, तुला पचतं.’ हिमोग्लोबिन जन्मभर नऊ. गोळ्या झाल्या, खजूर झाले, कुणीतरी सांगितलेला काढा झाला... नवाचे दहा काही झाले नाहीत. उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या कापड दुकानात ती नोकरीला होती. दिवसभर उभी, दिवसभर बडबड. जिना चढताना दम लागला की म्हणायची, ‘नवावर चालणारी गाडी आहे बाबा, जरा दमानं.’

ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, रोज रक्त तपासा, पोटात दुखलं तर तडक या. पण आमच्याकडे डेंग्यू म्हणजे प्लेटलेट्स, बाकी कशाशी कुणाला देणंघेणं नाही! शेटने किवीची पेटी धाडली, ‘दीदी, ये खाओ, फटाफट बढ़ेगा.’ वांगणीहून पपईची पानं आली. तो कडूजहर रस ती नाक दाबून प्यायची आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा रोजचा आकडा घरच्या ग्रुपवर कळवायची.

मग ताप उतरला. आम्ही हुश्श केलं. त्याच दिवशी तिचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. ‘वहिनी, प्लेटलेट्स पडल्यात गं, पण ऐक तर खरं... हिमोग्लोबिन बारा! आयुष्यात पहिल्यांदा पास झाले!’ मी ओरडलेच, ‘वन्सं, पपई पावली हो तुम्हाला!’ पोटात जरा दुखतंय म्हणाली. रस बाधला असेल, असं तीच म्हणाली आणि आम्हालाही पटलं. डॉक्टरांना उद्या रिपोर्ट दाखवू, असं ठरलं. संध्याकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन कोसळली. हातपाय गारठलेले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि शांतपणे समजावलं. या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. हिमोग्लोबिनचा आकडा चढतो तो त्यामुळे, रक्त वाढल्यामुळे नाही. ‘बारा कुणालाही नॉर्मलच वाटणार,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांचं नेहमीचं किती असायचं?’

‘नऊ,’ विलासराव म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. अख्ख्या खानदानाला पाठ होतं हो ते! ती काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदाच्या लेकीला, प्राजक्ताला ताप आला. मीही सोबत गेले होते. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. चारचौघांत तोंड न उघडणारे विलासराव खुर्चीवरून उठले. ‘हिचं नेहमीचं साडेबारा असतं, डॉक्टर. तेवढंच आहे ना, बघा.’ तेवढंच होतं. साधा ताप होता.

घरी आल्यावर पोरीला पांघरूण घालून ते बाहेर आले, माझ्याकडे बघत उभे राहिले. ‘वहिनी, तुमचं नेहमीचं किती असतं?’

मला माहीत नव्हतं.

त्यांनी पुन्हा चपला पायांत सरकवल्या. ‘चला,’ म्हणाले, ‘लॅब उघडी असेल अजून.’