थतरा एके थतरा

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. माकणीच्या महांतप्पाची नऊ वर्षांची पोर जगदेवी आडावर पाणी शेंदत होती. दोर हातातून निसटला आणि ती कठड्याच्या दगडावर तोंडावर आपटली. वरच्या समोरच्या दोन दातांतला एक मुळासकट हातात आला, दुसरा अर्धाच उरला. आई लक्ष्मम्मानं रीतीप्रमाणं पडलेला दात शेणात गुंडाळून माळवदावर फेकला. उंदीर हा नेईल, नवा देईल म्हणाली. अहो, दुधाचा पडून आलेलाच दात होता की तो! आता दुसऱ्यांदा कुठून यायचा? पण लेकीचं रक्ताळलेलं तोंड बघून त्या माउलीला दुसरं काय सुचणार होतं.

जगदेवी वाट बघत राहिली. भाकरी दुधात कुस्करून खायची, उसाकडं नुसतं बघायची. गार पाणी अर्ध्या दाताला लागलं की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. पोरं 'बोळकी' म्हणायची, म्हणून तिनं हसणं सोडलं. बोलतानाही तोंडावर हात.

हे सगळं तिनं सोसलं, पण एक सोसवेना. शाळा सुटायच्या आधी लहानमोठी सगळी पोरं पाढे म्हणत. एकानं पुढं उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी मागनं म्हणायचं. तिसापर्यंत तोंडपाठ म्हणून सांगायचा मान जगदेवीचा. आता तिच्या तोंडून 'स'चा 'थ' निघे, आणि पोरं मुद्दाम 'थात, थात' करून खिदळत. गुरुजींनी तो मान वर्गातल्या प्रेमा नावाच्या पोरीला दिला. दात आला की परत तुझ्याकडं, म्हणाले.

वर्ष सरलं. मिरच्या वाळत घालायला जगदेवी माळवदावर चढली, तर कोपऱ्यात दात! शेण पावसानं वाहून गेलेलं, दात होता तिथंच. उंदरानं नेला नव्हता, कुणीच नेला नव्हता. ती हमसून हमसून रडली. मग तिला असा संताप आला, असा संताप आला, की दात तिनं वेशीकडं भिरकावून दिला.

दुसऱ्या दिवशी पाढ्यांच्या वेळी ती सरळ पुढं जाऊन प्रेमाशेजारी उभी राहिली. हात खाली.

"दात येणार न्हाय, गुरुजी. पाढे म्याच सांगणार."

प्रेमा गुमान बाजूला झाली. जगदेवीनं सुरुवातच सतराच्या पाढ्यानं केली, "थतरा एके थतरा." वर्ग फुटला हसून. ती थांबली. हसणं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून, "थतरा एके थतरा." पुन्हा हशा, पुन्हा पहिल्यापासून. पाढे झाल्याबिगर शाळा सुटत नसे. ऊन कलायला लागलं, पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, ही हटेना. गुरुजी तिला खाली बसवणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांचं धाडस झालं नाही. पाचव्यांदा कुणी हसलं नाही. पाढा दाहीपर्यंत गेला आणि मान जिथला तिथं आला.

पुढं दोन-चार महिन्यांनी गुरुजींचे कान टवकारले. पुढच्या रांगेतली बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातली पोरं नुसतं ऐकून पाढे शिकत होती. त्यातल्या कडू नावाच्या पोरीला त्यांनी उभं केलं. अगं, थतरा न्हाय, सतरा म्हण, म्हणाले.

कडूचे सगळे दात शाबूत होते. ती ठामपणानं म्हणाली, "पर जगदेवीअक्का तर थतराच म्हणती."

गुरुजींनी वळून बघितलं. जगदेवी खदखदून हसत होती, आणि तिचे दोन्ही हात पाठीमागं होते.