भाऊजी आणि न्हाणीचा ओटा

आमच्या भाऊजींइतका दुर्मुखलेला माणूस त्या काळच्या भिलाईत शोधूनही सापडला नसता. बाकी सगळं गाव उत्साहानं नुसतं फुगलं होतं. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती, पुढच्या भट्ट्यांचं काम जोरात होतं, सेक्टरामागून सेक्टर वसत होते. रोज कोणी ना कोणी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन दुर्गच्या स्टेशनावर उतरत होता, आणि टपरीवरचा बिगारीसुद्धा अख्खा देश आपणच उभा करतो आहोत अशा थाटात बशीतला चहा फुंकत होता. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच टपरीवर बसायचे, समोरच्या नव्याकोऱ्या चिमणीकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "तडकन बाप्पा. आज नाई, उद्या नाई, पन एक दिवस तडकन." चहाची चवच जायची. मी त्यांच्याच वशिल्यानं भंडाऱ्याकडून इथे आलो, त्यांच्याच क्वार्टरात राहिलो, त्यामुळे चिमणी तडकण्याचं हे भविष्य मला सकाळ-संध्याकाळ फुकटात ऐकायला मिळत असे.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! भट्टीच्या आतून विटांचं अस्तर लावतात, त्या कामावर ते मिस्त्री होते. वीट उचलायची, बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायचा. खणखणीत वाजली तर लावायची, बद्द वाजली तर आत चीर आहे असं समजून बाजूला टाकायची. दिवसभर हेच. मग ही सवय घरी आली, बाजारात गेली, पाहुण्यांकडेही गेली. शिवनाथ नदीच्या वाळूत टरबुजं विकायला बसणारी म्हातारी त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "लेना हे त ले, ठोंक-ठोंक के झन फोर!" म्हणजे घ्यायचं तर घे, ठोकून ठोकून फोडू नको. माझं लग्न ठरवायला आम्ही तुमसरला गेलो, तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि भाऊजी कोपऱ्यातला पाण्याचा माठ ठोकत होते. जरा वेळानं माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पोरगी चांगली हाये. माठ गेला हाये." त्याच उन्हाळ्यात तो माठ फुटला. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की जावयाच्या भाऊजींची नजर लागली.

अशा माणसाच्या संसारात चीर पडली ती मोरीत. ताई शेवाळावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि खाली बसणं कायमचं गेलं. क्वार्टरची न्हाणी ती केवढीशी, नळ गुडघ्याशी, उकिडवं बसल्याशिवाय अंगावर पाणी घेता येत नसे. भाऊजी सकाळच्या पाळीला निघून जायचे, म्हणून शेजारची छत्तीसगढी बाई रोज येऊन ताईला आंघोळ घालायची. फार मायेची बाई. ताईनं लंगडणं सोसलं, दुखणं सोसलं, मूलबाळ नाही हे तर आधीपासून सोसत होती, पण ही आंघोळ तिला सोसेना. "मन सोन्याचं हाये रे तिचं," ती मला म्हणाली, "पन रोज परक्यापुढं उघडं बसा लागते. मले सोताच्या हातानं आंघोळ करू द्या बापा, आनखी काई नको." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं.

उपाय सोपा होता. बसायला दगडी ओटा, कोपराच्या उंचीवर एक फरशी, फरशीत बेसिन आणि वर नळ. वरच्या साहेबांनी परवानगीही दिली. आता फक्त दगड पसंत करायचा होता, आणि पसंत भाऊजी करणार होते! भिलाईतल्याच पॉवर हाऊस भागातला बाजार झाला, दुर्ग झालं, राजनांदगाव झालं, रायपूर झालं. मोझॅक? "वरून नक्षी, आतून पीठ." शहाबादी? "पापुद्रे सुटन." कडप्पा? "तेल पडलं का बर्फ." संगमरवर? "हळदीनं पिवळा होते, मंग रोज पाहून रडा." कोणीतरी म्हणालं, जवळच्या नंदिनी गावच्या खाणीतला चुनखडीचा दगड घासून घ्या. भाऊजींना तो अपमान वाटला. "भट्टीत वितळाले जाते तो दगड. त्याले काय घरात बसवतं?" बेसिनचीही तीच गत. तामचिनीचं टवके उडणारं, सिमेंटचं पाणी पिणारं, पितळी घासता घासता बाईचा जीव घेणारं. रायपूरच्या एका दुकानात त्यांनी मांडलेली चिनी मातीची सगळी बेसिनं ओळीनं ठोकली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, बेसिन लेना है कि तबला?"

घरात दगडांच्या तुकड्यांनी पाऊल ठेवायला जागा उरली नाही. एकावर उकळतं पाणी, एकावर शिकेकाई, एकावर खोबरेल, अशा परीक्षा चालायच्या आणि प्रत्येक दगड कुठे ना कुठे नापास व्हायचा. ताई पलंगावरून म्हणायची, "अवो, मले आंगावर पानी घ्याचं हाये, दगड नाई!" भाऊजी हूं म्हणायचे आणि पुढचा तुकडा उचलायचे. दोन पावसाळे असे गेले. शेजारीण बिचारी रोज बादली घेऊन येत होती आणि ताई रोज मान खाली घालून न्हाणीत जात होती.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊजी, ताजमहाल बांधून राहिले का? आनाचा त आना एक दगड, नाईतर तिले साफ सांगून टाका का होनार नाई!" मला वाटलं चिडतील. ते हातातला तुकडा खाली ठेवून म्हणाले, "एकदा पडली ते मोरीवरून. मोरी त दुसऱ्यानं बांधली होती. आता म्या लावलेल्या दगडावरून पडली, त म्या कोनाकडे पाहाचं रे?" हे मात्र माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. 

ताईनं ते आतून ऐकलं. भिंत धरत धरत बाहेर आली आणि म्हणाली, "मांडा सारे दगड." आम्ही मांडले. तिनं आपला आखूड पाय एकेका दगडावर टेकवून पाहिला, आणि खडबडीत, हिरवट कोटा फरशीवर थांबली. "याच्यावर पाय राहते. तुमी हातानं पाहून राहिले, बसाचं मले हाये." बेसिन म्हणाली साधं पांढरं आणा, मळ दिसला म्हणजे धुता येते. दोन पावसाळ्यांचं काम तिनं उभ्या उभ्या उरकलं.

भाऊजींनी सुट्टी काढून ओटा स्वतः लावला. संध्याकाळी मी पाहतो तर काय, प्रत्येक दोन फरश्यांमध्ये बोटभर फट! "हे काय?" म्हटलं. "जागा सोडा लागते," ते ठसक्यात म्हणाले, "गरम झाल्यावर फुगते." म्हटलं, "भाऊजी, ताई आंघोळ करनार हाये. इथं भट्टी पेटवाची हाये का?" ते थापी हातात धरून फटीकडे बघत राहिले. मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यांना असं हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या, तेव्हा ओटा चौकडीच्या लुगड्यासारखा दिसायला लागला.

ताईनं आतून कडी लावली. भाऊजी दारासमोर जमिनीवर बसले. आत लोट्याचा आवाज आला, पाणी पडलं, मग बराच वेळ काहीच नाही. "अवं?" भाऊजींचा आवाज चिरकला. "हाये जित्ती!" आतून उत्तर आलं. त्यानंतर भाऊजींनी पाळी बदलून घेतली, आणि रोज सकाळी ते तिथे बसायचे, रोज विचारायचे. दगड तडकला नाही, ताई घसरली नाही, आणि भाऊजींच्या चेहऱ्यावरची काळजीही तसूभर हलली नाही.

ताई गेली ती एका हिवाळ्यात. आंघोळ करून अंगणात उन्हाला बसली होती, छातीत कळ आली आणि मान कलली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. सेक्टरातल्या आमच्याकडच्या बायका जमल्या. सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊ घालायचं, हळद-कुंकू लावायचं, हिरवं लुगडं नेसवायचं. शेजारणीनं पाणी आणलं. भाऊजी उठून मध्ये उभे राहिले. "न्हाऊ घालू नोका तिले," ते म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, "अरे बाप्पा, रीत हाये ते, अशी कशी धाडाची?" भाऊजी हलले नाहीत. "तिनं केली आंघोळ. सकाळीच केली, सोताच्या हातानं. म्या बाहेर बसून होतो."

 शेजारीण खाली वाकली आणि तिनं ताईच्या केसांवरून हात फिरवला. "ओद्दा हे," ती हळूच म्हणाली. केस अजून ओले होते. तिनं बादली बाजूला सरकवली, फणी मागवली आणि वेणी घालायला बसली.