लाल गाडीची दुसरी सीट

बापूच्या गॅरेजमध्ये खिडकीखाली एक पत्र्याचा डबा असायचा. कुठल्याही गाडीचं काम झालं की एखादा नट, एखादा वॉशर उरतोच. तो त्या डब्यात पडायचा. कशातला, कुणाचा, हे पुढे कुणालाच सांगता यायचं नाही, पण टाकवायचाही नाही. लाल गाडीचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा निदान क्रमाच्या बाबतीत माझ्यावर भरवसा ठेवायला हरकत नसावी. पण सुमती, म्हणजे आमची सौ., म्हणते, "तुम्ही दर वेळी वेगळंच सांगता." तिचंच खरं असेल. शेवटचा किस्सा मात्र जसा घडला तसाच आहे. त्याला साक्षीदार आहेत.

* * *

केतकी आमची नात. मुलगा-सून मस्कतला, आणि ही सांगलीत आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकत होती. तिचा बारावीचा निकाल लागला त्या दुपारी मी आनंदाच्या भरात म्हणून बसलो, "माग काय हवं ते." माझ्या डोळ्यांसमोर एक चांगला कॅल्क्युलेटर होता.

तिने दोन वर्षं काहीच मागितलं नाही. मग एकदा माधवनगरला मैत्रिणीकडे गेली असताना तिला एका बंद मिलच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी दिसली. लाल, विलायती, बुटकी, कापडी छपराची. मिलमालकांनी तरुणपणी हौसेनं आणलेली, आता कुणी हात न लावणारी. घरी येऊन तिने मला विचारलं, "आजोबा, तुमचं ते 'माग' अजून चालू आहे ना?"

मी मस्कतला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, इतक्या लांबून मी काय सांगू? तुम्हीच ठरवा. माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

माझा नव्हता. मला सायकलवरून उतरायला अजून विजेचा खांब लागायचा. आणि पोरीला काही झालं तर मस्कतला काय सांगायचं, हा प्रश्न त्या फोनपासून जो छातीवर बसला, तो वर्षभर उठला नाही.

* * *

गाडी बघायला मी बापूला घेऊन गेलो. बापूचं घराणं आटपाडीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. बापूच पहिला, ज्याने काठी टाकून पाना हातात घेतला. केतकी तर होतीच. बरोबर सुभेदारही आले. ते साताऱ्याकडचे, फौजेत आयुष्यभर ट्रक चालवलेले, आणि निवृत्तीनंतर बापूच्या गॅरेजच्या बाकावर रोज हजेरी लावणारे.

मी प्रश्नांची यादी करून नेली होती. फुलस्केपची दोन पानं. बापूने ती घडी घालून खिशात ठेवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूवर थाप मारली. कान लावला. मग स्टिअरिंगवर बसलेल्या मिलच्या ड्रायव्हरला म्हणाला, "म्हागं घ्या."

"आधी पुढं चालवून बघ ना," मी म्हणालो.

"पुढं कुनीबी चालतंय, सर. जनावर म्हागं सरतंय तवा त्याची खोड कळती."

गाडी मागे सरली. बापूने मान हलवली. "गुणाची हाय."

कोणत्या कंपनीची हे मात्र कळेना. बॉनेटवरचा बिल्ला कुणीतरी आधीच काढून नेला होता. सुभेदार तोवर हात मागे बांधून आत डोकावत होते.

"मानसं किती बसनार हितं?"

"दोन," केतकी म्हणाली.

"मंग ही मोटारसायकलच की, बेटा."

* * *

गाडी दारात आली त्या संध्याकाळी मी एक कागद तयार केला. त्यात अट एकच होती. गाडीतली दुसरी सीट कधीही रिकामी असता कामा नये, तिथे जाणतं माणूस बसलेलं पाहिजे. खाली मी सही केली, केतकीने सही केली. सुमतीने चष्मा लावून कागद वाचला.

"जाणतं माणूस म्हणजे कोण?"

"म्हणजे मी."

"तुम्हाला गाडी येत नाही."

"येत नसली तरी मला धोके कळतात."

"ते तर तुम्हाला वरणभातातसुद्धा कळतात," ती म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली. कागद मी गाडीच्या कप्प्यात ठेवला.

* * *

शिकवायचं काम सुभेदारांनी घेतलं. मिलमागच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी. मी कडेला दगडावर वही घेऊन बसायचो. सुभेदार पाण्याने काठोकाठ भरलेला पितळेचा पेला डॅशबोर्डवर ठेवायचे आणि म्हणायचे, "एक थेंब सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. चलो."

पहिल्या दिवशी पेला केतकीच्या मांडीवर आला. चौथ्या दिवशी निम्मं पाणी उरलं. मी वहीत रोजचा अंदाज लिहीत होतो, आणि त्या हिशेबाने तिला अजून पुष्कळ दिवस लागणार होते. दहाव्या दिवशी सुभेदारांनी तिला मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या, गाडी माझ्यापुढे आणून थांबवली, डॅशबोर्डवरचा पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"पास," ते म्हणाले.

मी वही मिटली. सुभेदारांनी मिशी पुसली. "पोरगी तयार हाय, प्रोफेसर साहेब. आता तुमाला शिकवायचं ऱ्हायलं."

"मला कुठं गाडी चालवायचीय?"

"चालवायला न्हवं. बसायला."

* * *

ते खोटं नव्हतं. लायसन्स मिळाल्यावर केतकी गाडीने कॉलेजला जाऊ लागली. अटीप्रमाणे सकाळी मी तिच्या शेजारी बसून कॉलेजपर्यंत जायचो आणि सिटी बसने घरी यायचो. दुपारी सिटी बसने कॉलेजला जायचो आणि तिच्या शेजारी बसून परत यायचो. दारात गाडी आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बसचा पास काढला.

कंडक्टरला कुतूहल वाटलं. एकदा त्याने विचारलंच, "काका, रोज दोनदा दिसताय. कुटं असतंय काम?"

"कॉलेजवर."

"शिकवायला?"

"नाही," मी म्हणालो. "गाडीत बसायला."

त्याने तिकिटाची पेटी बगलेत धरली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो मला उतरताना हात देऊ लागला.

* * *

दोन महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा बापूने मला बोलावून घेतलं. डाव्या बाजूचं दार उघडून खाली बोट दाखवलं. तिथल्या कार्पेटला टाचेएवढं भोक पडलं होतं.

"सर, तुमच्या बाजूचा ब्रेक झिजलाय."

मी ओशाळलो. समोर बैलगाडी, म्हैस, रिक्षा, काहीही आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, हे मला माहीत होतं. भोक पडेल असं वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी गाडी आली तेव्हा माझ्या पायाशी एक खराखुरा पेडल होता. रबर लावलेला, दाबला की स्प्रिंगने वर येणारा. बापूने तो हाताने फिरवायच्या एका बोल्टवर बसवला होता. मला फार बरं वाटलं. त्याच आठवड्यात विश्रामबागेच्या चौकात एक स्कूटर आडवी आली, मी पेडल दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी मुद्दाम गॅरेजवर जाऊन बापूचे आभार मानले.

बापूने हातातला पाना खाली ठेवला. सुभेदार दुसरीकडे बघू लागले.

"सर," बापू हळूच म्हणाला, "त्यो कशालाच जोडल्याला न्हाई. डब्यातला जुना व्हता, लावून दिला. तुमच्या पायाला काम पायजे म्हून."

मी डॉक्टरेट केलेला माणूस आहे. कशालाच न जोडलेल्या वस्तूने काही होत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस आडवी आली आणि मी पेडल दाबला.

* * *

आमचं कुलदैवत औंधची यमाई. घरात आलेलं वाहन देवीच्या पायाशी नेऊन आणायचं, ही सुमतीच्या घरची रीत. लाल गाडीचं ते राहून गेलं होतं. एका रविवारी जायचं ठरलं आणि तेव्हा लक्षात आलं, की माणसं तीन आणि सीटा दोन. मी अट सोडेना, म्हणून सुमती नैवेद्याचा डबा घेऊन पहाटेच्या एसटीने पुढे गेली. जाताना म्हणाली, "मी देवळात आहे. तुम्ही गाडीनं या सावकाश."

विटा गेलं, पुसेसावळी गेली. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी. आणि तरी गाडी मधूनच अडखळत होती. समोर काही नसताना केतकी ब्रेक लावायची आणि पुन्हा वेग घ्यायची. मी तिला रागावणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं. तिचं रस्त्याकडे लक्ष कमी होतं. ती माझ्या पायाकडे बघत होती. मी सवयीने पेडल दाबला की ती ब्रेक लावत होती.

विश्रामबागेतली स्कूटर मला आठवली. वर्षभर मी सगळे धोके मोजले होते. हा एक मोजला नव्हता.

"थांबव," मी म्हणालो.

ती घाबरली. "बरं नाही वाटत का, आजोबा?"

मी खाली उतरलो. पुढे वळणावर एक वड दिसत होता. "त्या वडापर्यंत एकटी जा आणि वळून परत ये."

"आणि कागद?"

"कागद मी केलाय ना? तू जा."

ती गेली. न अडखळता गेली. वडाशी पोचली, आणि वळायच्या ऐवजी वळणाआड दिसेनाशी झाली.

मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मस्कतचा नंबर मला पाठ होता, तो मी मनात दोनदा म्हटला. मी वडाच्या दिशेने चालायला लागणार, तेवढ्यात लाल ठिपका दिसला.

गाडी माझ्यापुढे येऊन थांबली. दुसऱ्या सीटवर नऊवारीतली एक म्हातारी बसली होती, मांडीवर भलंमोठं गाठोडं.

"आजोबा, यांची औंधची एसटी चुकली," केतकी म्हणाली. "लेक बाळंत झालीय यांची. मी यांना सोडते आणि तुम्हाला न्यायला येते. अटीत बसतं सगळं. सीट रिकामी नाही, आणि माणूस जाणतं आहे."

म्हातारीने मला खालीवर न्याहाळलं. "ह्ये कोन गं?"

"आमचे आजोबा."

"मंग बशीव की तेस्नी."

"जागा नाही, आजी. दोनच सीटा आहेत."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. मग ती पायाशी वाकली. "पोरी, ह्ये काय हाय गं मधीच? गठुडं खाली ठिवता येईना."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिने वाकून बोल्ट फिरवला, पेडल काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. "हे जरा धरा, आजोबा."

गाडी गेली. या वेळी वडापाशी तिचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. थोड्या वेळाने सायकलला वैरणीची पेंढी बांधलेला एक शेतकरी पुसेसावळीकडून आला. मला बघून त्याने एक पाय टेकला.

"काय वो मास्तर, हितं कसं हुबं? गाडी कुटं हाय?"

"गेली पुढं," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातल्या पेडलकडे पाहिलं, मग मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा पेडलकडे.

"ब्रेक हितं ठिवून?"